फ्रेममधलं मोडी पत्र

माझ्या चुलतभावाचे पणजोबा वकील होते आणि माझे पणजोबा त्यांचे धाकटे भाऊ. वकिलांनी भावाला पाठवलेली मोडी लिपीतली पत्रं आमच्या घरी होती. स्कॅन करून परत देतो म्हणत चुलतभाऊ ती अमेरिकेतल्या आपल्या घरी, अ‍ॅशबर्नला घेऊन गेला. परत मागितली तर सगळ्यांदेखत म्हणाला, "तुला मोडी कुठे वाचता येते?" त्यालाही येत नव्हती.

मी गुपचूप ऑनलाइन क्लास लावून मोडी शिकलो.

यंदा गणपतीला त्याच्याकडे गेलो, तर एक पत्र सोनेरी फ्रेम करून दिवाणखान्यात टांगलेलं. वकिलांनी कायद्यावर लिहिलंय, असं तो पाहुण्यांना सांगत होता. मला बघून हसला. "वाच ना, तुमच्याच घरातलं आहे."

मी मोठ्याने वाचलं. आमचे चिरंजीव परीक्षेत पुन्हा नापास झाले, तुमच्याकडे पाठवतो, तुमच्या मुलाच्या संगतीत सुधारले तर पाहा, असं वकिलांनी लिहिलं होतं. ते चिरंजीव म्हणजे चुलतभावाचे आजोबा.

त्याच्या नातवंडांना मराठी नीट कळत नाही, म्हणून मी तेच पुन्हा, सावकाश, इंग्रजीत सांगितलं.