चपलांचा पंचनामा

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, कारण ही फजिती मी स्वतःच्या हातानं, दोन पंचांसमक्ष करून घेतलेली आहे!

मी हदगावकडच्या एका तहसील कचेरीत अव्वल कारकून. बायको आणि बारावीतली लेक नांदेडला. मी आठवडाभर खोलीवर खिचडी शिजवतो आणि शनिवारची वाट बघतो. नांदेडला बदली व्हावी म्हणून तहसीलदार साहेबांच्या किती मागे लागलो होतो, विचारू नका.

तेवढ्यात वरून पोशाखाचं परिपत्रक आलं. जीन्स नको, टी-शर्ट नको, चप्पल तर अजिबात नको. जणू लोकांची कामं आजवर चपलांमुळंच अडली होती!

साहेब म्हणाले, "तुम्ही बघा हे. शिस्त लागली की तुमच्या बदलीची शिफारस करतो."

मग काय, मी पेटलोच! पहिल्याच दिवशी गंगाधर शिपायाला बूट घ्यायला लावले. बूट चावले, तो लंगडायला लागला आणि त्याच्यासोबत फायलीही लंगडायला लागल्या.

एका सोमवारी नांदेडची बस पंक्चर झाली, मला उशीर झाला. सोमवारी हॉलमध्ये स्टाफची मिटिंग असते. बघतो तर बंद दाराबाहेर चपलांची ही रांग! माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. परिपत्रकात चप्पल नको म्हटलंय, अनवाणी बसू नका असं कुठं म्हटलंय? काय डोकं लावलं हो लेकांनी!

"गंगाधर, पोतं आण. जप्ती!"

"भाऊसाहेब, जरा आत बघून तर घ्या."

"बघायचं काय? पळून जातील!"

"अनवाणी कुठं पळतील?"

मी ऐकतोय थोडाच! रीतसर पंचनामा केला. 'कातडी चप्पल, अंगठा तारेनं बांधलेला. रबरी चप्पल, दोन्ही डाव्या पायाच्या. लेडीज सँडल, चमकीची, पदास अशोभनीय.' गंगाधर आणि टायपिस्ट, दोघांच्या पंच म्हणून सह्या घेतल्या, पोत्याला लाखेचं सील ठोकलं.

तेवढ्यात दार उघडलं. बाहेर आले शेतकरी! शेतरस्त्याची सुनावणी ऐनवेळी त्याच दिवशी लागली होती. साहेबांपुढं जायचं म्हणून बिचाऱ्यांनी दारातच चपला काढलेल्या. आणि त्यांच्यामागून आमच्या साहेबांच्याही वरच्या एसडीओ मॅडम, अनवाणी! म्हातारी माणसं अनवाणी बघून लाज वाटली, म्हणून त्यांनीही सँडल बाहेर काढून ठेवली होती.

"माझी सँडल कुठंय?"

शहाण्या माणसानं तिथंच पोतं फोडलं असतं. पण माझी पंचवीस वर्षांची नोकरी बोलून गेली, "मॅडम, सील झालंय. अर्ज करावा लागेल."

साहेब भिंतीकडं बघायला लागले. एक म्हातारा म्हणाला, "रस्त्यासाठी कवाचा अर्ज करून राहिलो. आता चपलंसाठीबी करू काय?"

मॅडमनी शांतपणे कागद मागितला, अर्ज लिहिला. मग पंचनामा वाचला. 'अशोभनीय' हा शब्द दोनदा, मोठ्यानं.

महिन्याभरात ऑर्डर आली. म्हटलं, नांदेडचीच असणार! उघडली तर यात्रेच्या बंदोबस्तात तात्पुरती नेमणूक, चप्पल स्टँडवर. कारण लिहिलं होतं, 'सदर कर्मचाऱ्यास पादत्राणे ताब्यात घेण्याचा दांडगा अनुभव आहे.'

स्टँडवर बसलो आणि दुसऱ्याच दिवशी लेकीला घेऊन बायको दर्शनाला आली. तिनं चप्पल माझ्यापुढं काढली आणि टोकनसाठी हात पुढं केला.

"नांदेडला येणं जमलं न्हाई, जाऊ द्या," ती म्हणाली. "माझ्या पायाशी तर आलात!"