कशात वीक?

आमच्या इंग्रजीच्या बाईंसमोर कोणी ‘वीक’ म्हटलं की संपलंच! चष्मा कपाळावर जायचा आणि प्रश्न यायचा, “कशात वीक?” उत्तर मिळेपर्यंत समोरच्याची सुटका नाही. गोव्यातल्या डिचोलीजवळच्या आमच्या शाळेत त्यांचं नावच ‘कशातबाई’ पडलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं आणि मला वाटतं, आवडतही होतं.

वर्गात त्या सांगायच्या, चहा वीक असतो, मोबाईलची रेंज वीक असते, तापातून उठलेला माणूस चार दिवस वीक असतो. “पण अख्खं पोर वीक कसं असेल गो? शब्द सोपा आहे म्हणून कोणाच्याही कपाळाला चिकटवायचा?” शाळा तपासायला आलेल्या साहेबांनाही त्यांनी हे ऐकवलं होतं. साहेब आपले चहा ढवळत बसले.

मी नववीत नापास झाले. शाळेनं सांगितलं, मुलगी, म्हणजे आमच्या बोलीत ‘चेडूं’, वीक आहे. बाबा खाणीवर ट्रक चालवायचे. त्यांना तेवढं इंग्रजी पुरलं. हरमलला मामा पर्यटकांना खोल्या भाड्यानं द्यायचा. तिथं चादरी बदलायला मला धाडायचं ठरलं, आईनं कपड्यांची पिशवीसुद्धा भरली. मला शिकायचं होतं हो! रडून रडून डोळे सुजले, पण बाबांपुढे बोलणार कोण?

बाई बोलल्या. भर दुपारी स्कूटर घेऊन अंगणात हजर. चहाला हात न लावता बाबांना म्हणाल्या, “ट्रक चढावावर अडला तर भंगारात घालता?”

“ना बाई. किदें बिघडलां तें पळयतां.”

“मग पोरीचंही बघा. वाचताना घाबरते आणि स्पेलिंग कच्चं आहे. दोन्ही मी बघते. डोकं ठणठणीत आहे तिचं.”

बाबांनी उठून कोपऱ्यातली पिशवी आईपुढे ठेवली. मग आईला म्हणाले, “पिशवी सोड तिची.”

पुढे दहावीपर्यंत रोज संध्याकाळी बाईंकडे पाव-भाजी खायची आणि मोठ्यानं वाचायचं. अडखळले की ओरडायच्या, “त्या वाक्यानं तुझं काय घोडं मारलंय?” एक पैसा घेतला नाही त्यांनी.

निवृत्तीनंतर बाई फोंड्याला भावाकडे गेल्या आणि गेल्या वर्षी तिथंच वारल्या. आज मी स्वतःच्या पायांवर उभी आहे ती त्यांच्यामुळे, दुसऱ्या कोणामुळे नाही.

अजून आठवतं, माझा दहावीचा निकाल लागला, त्या दिवशी बाबा पेढे घेऊन देवळात जातील असं आम्हाला वाटलं. ते गेले बाईंकडे. दारात चपला काढल्या, दोन्ही हातांनी पुडा पुढे केला आणि म्हणाले, “बाई, तुमचें चेडूं पास जालें.”