इम्पोर्ट केलेली हद्द

आज औंढ्यात मी आखलेल्या बंगल्याच्या पायाचे दोन खड्डे शेजारच्या भातखाचरात निघाले. चूक माझी आहे, म्हणून लिहिते आहे.

सर्व्हेअरचा नकाशा मी बंगल्याच्या कम्प्युटर-मॉडेलमध्ये लिंक न करता इम्पोर्ट केला, म्हणजे मूळ फाइलशी न जोडता त्याची नुसती प्रत आत घेतली. नंतर त्याने हद्द दुरुस्त करून फाइल पाठवली. ती जुनीच्या जागी ठेवून मी निर्धास्त राहिले. लिंक असती तर मॉडेलही बदललं असतं. इम्पोर्टमध्ये जुनीच हद्द राहिली.

खाचराचे मालक आबा म्हणाले, "बाई, पाऊस तोंडावर आलाय न् तुमी बांध फोडला. आता पानी कुटं धरू? तुमच्या कम्प्युटरात?"

ताज्या मातीचा बांध पहिल्या पाण्यात टिकतो का? कुणाला माहीत असेल तर कृपा करून आजच सांगा.

आबांच्या हाती दिलं: दुरुस्त नकाशा आणि बांध घालून देण्याची माझ्या सहीची चिठ्ठी.