दिवे गेले तेव्हा

उलव्याच्या त्या केसमधलं एक वाक्य मला अजून पाठ आहे, आणि ते इंग्रजी आहे. माझं इंग्रजी बेताचंच. माझ्याच बॅचचा एक अधिकारी फाडफाड इंग्रजीच्या जोरावर पोलीस आयुक्तालयात गेला आणि मी ठाण्याठाण्यांत फिरत राहिलो. वरिष्ठ मला म्हणायचे, "त्याच्याकडून शिका." ते तेव्हा खुपायचं, आजही खुपतं.

उलव्याजवळच्या जुन्या गावातली एक सून फिर्याद घेऊन आली. विमानतळावरच्या काउंटरच्या नोकरीसाठी तिला मुलाखतीचं बोलावणं होतं. मूळ प्रमाणपत्रांची फाइल कपाटातून गायब झाली होती आणि मुलाखत तोंडावर आली होती.

"डुप्लिकेट काढता येतात," ठाणे अंमलदार म्हणाला.

"कधी? इंटरव्ह्यू झाल्यावर?" ती उसळली. "ओरिजिनल नाय दाखवले तर गेटवरनंच परत पाठवतात, साहेब."

फाइल तिने शेवटची पाहिली ती शेजारच्या हळदीच्या दिवशी. त्या संध्याकाळी अख्खं घर मांडवात होतं. फाइल नसल्याचं तिला कळलं ते बऱ्याच दिवसांनी, मुलाखतीची साडी काढायला कपाट उघडलं तेव्हा. घरात रंगकाम चालू होतं, म्हणून सगळ्यांनी रंगाऱ्याकडे बोट दाखवलं.

पंचनाम्याला मी स्वतः गेलो. कपाट वरच्या मजल्यावर होतं. फाइलच्या जागेशेजारीच सोन्याची माळ होती, ती जशीच्या तशी. रंगाऱ्याला मी विचारपूस करून सोडून दिलं. सोनं सोडून कागद नेणाऱ्याला ते कागद स्वतःसाठी नको असतात. दुसऱ्याजवळ ते असायला नको असतात.

गावातला माझा खबरी मासळीचा टेम्पो चालवायचा. तो म्हणाला, "साहेब, बाहेर कशाला फिरताय? घरात दोन जावा हायेत. दोघी एकाच इंग्लिशच्या क्लासला. धाकटीला कॉल आला, थोरलीला नाय. पुढचा तुमी बघा."

थोरलीला महिला हवालदारासमोर बसवून जबाब घेतला.

"हळदीत मी भात वाढत होते. कोनाला पन विचारा."

विचारलं. निम्म्या गावाने तिला पाहिलं होतं, पण कधी ते एकालाही सांगता येईना. हळदीत असंच होतं; सगळे सगळ्यांना दिसतात आणि वेळ कुणाच्याच लक्षात राहत नाही. एकच क्षण सर्वांना पक्का आठवत होता. डीजेचं गाणं रंगात आलं असताना अख्ख्या गावातले दिवे गेले आणि मांडवभर आरडाओरडा झाला.

"बाई, दिवे गेले तेव्हा तुम्ही काय करत होता?"

"तवा पन भातच वाढत होते."

मी ते जबाबात तसंच नोंदवून घेतलं.

मग क्लासला गेलो. बाकावर माझ्याच वयाच्या बायाही होत्या. शिकवणाऱ्या मॅडम म्हणजे निवृत्त शिक्षिका. दोघी कशा आहेत असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "धाकटी हुशार. मी सगळ्यांना सांगते, तिच्याकडून शिका."

हे वाक्य मला नवीन नव्हतं.

"हळदीच्या दुसऱ्या दिवशी दोघी आल्या होत्या?"

"आल्या होत्या ना. भूतकाळ चालू होता आमचा." त्यांनी खडू उचलून फळ्यावर लांब आडवी रेघ ओढली आणि तिच्यावर एक फुली मारली. "रेघ म्हणजे जे चालू होतं ते. फुली म्हणजे जे मध्येच घडलं ते. 'डान्स्ड' म्हणायचं की 'वॉज डान्सिंग', ते यावरून ठरवायचं. आणि माझा एक नियम आहे, साहेब. वाक्य स्वतःचं हवं आणि खरं हवं. रचलेलं मी घेत नाही. निम्मा वर्ग हळदीला गेलेला, म्हणून विचारलं, दिवे गेले तेव्हा तुम्ही काय करत होता?"

"मग?"

मॅडम हसल्या. "धाकटी म्हणाली, आय डान्स्ड. नाच तर चालूच होता, म्हणून मी चूक दाखवली. तेवढ्यात थोरलीने हात वर केला. एरवी तिला उभं करायचं म्हणजे माझी परीक्षा! म्हणाली, आय वॉज कमिंग डाऊन द स्टेअर्स व्हेन द लाइट्स वेंट आऊट. एका दमात. मी टाळ्या वाजवायला लावल्या."

मी जिना उतरत होते, तेव्हा दिवे गेले. मांडव होता मोकळ्या मैदानात. जिना होता तो तिच्या घरात.

त्या दिवशी चोरी कुणाला ठाऊकही नव्हती, त्यामुळे ती सावध नव्हती. धाकटीचं चुकलं एवढंच तिला दिसलं. धाकटीही तिथेच बसली होती, पण ती आपल्या चुकीवर चरफडत होती.

थोरलीला पुन्हा बोलावलं. आवाज चढवला नाही, तोच प्रश्न विचारला.

"भात वाढत होते. सांगितलं ना."

"मॅडमना तर जिना सांगितलात."

पदराचं टोक पिळणारे हात थांबले. मग ती म्हणाली, "मीच तिला क्लासला नेली, साहेब. सासऱ्याला मी मनवला. रस्ता ओलांडायला घाबरायची, हात धरून न्यायची मी. आनि आता मी तिच्याकडून शिकायचा?"

"फाइल जाळली?"

"नाय. सुक्या बोंबलांच्या डब्यात हाय."

डब्यासमोर पंचनामा झाला. जप्त मुद्देमाल कोर्टाच्या आदेशाशिवाय परत देता येत नाही. त्याच दिवशी अर्ज घेऊन मी स्वतः कोर्टात उभा राहिलो आणि फाइल सुपूर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करायच्या हमीवर, धाकटीच्या हाती दिली. बोंबलांच्या वासासकट ती मुलाखतीला गेली आणि तिला नोकरी मिळाली. दोघी जावांची तडजोड पुढे कोर्टात झाली.

सबंध नोकरीत मी फिर्यादी लिहून घेतल्या त्या घडलेल्या गोष्टींच्या. कधी घडलं, कुठे घडलं, कुणी केलं. फुलीची नोंद आम्ही चोख ठेवतो. तिच्याखालची रेघ कुणी विचारत नाही. कपाट उघडायला थोरलीला क्षणभर पुरला असेल. जळणं मात्र कधीपासूनच चालू होतं. या केसनंतर मी प्रत्येक तपासात आधी एवढंच विचारत गेलो, की या घरात चालू काय होतं?

त्या दिवशी कबुलीनंतरच्या जबाबावर सही करून थोरलीने पेन खाली ठेवलं. आता रडेल म्हणून हवालदार बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. तिने तो घेतला नाही.

"साहेब, ते वाक्य बरोबर होतं ना?"

"बरोबर होतं."

"तिचं चुकलं होतं," ती म्हणाली.