काटा येईपर्यंत

"एकोणीस रत्तल मासे," डेस म्हणाला. "एकोणीस. ते तू सोडून दिलेस, आणि वर मलाच विचारतेस की रॉयस्टनचं काय चुकलं."

"विचारत नाहीये, सांगतेय." एव्रिल बटाटे सोलत होती. हात थांबला नव्हता. "मासे तोलायचा काटा माझ्यापर्यंत यायला दीड तास लागला."

"सगळ्यांनाच थांबावं लागतं."

"पहिल्या जागेवर बसलेल्याला नाही लागत. तो पाच मिनिटांत मोकळा."

"उगाच नाकानं कांदे सोलू नकोस. वीस वर्षं तूच थांबत आलीस ना?"

"आलेच. त्याचीच लाज वाटतेय."

खिडकीपाशी सासरे, विल्फ, वर्तमानपत्र धरून बसले होते. पान मात्र मघापासून उलटलं नव्हतं.

टेबलावर लोण्याच्या डब्याला टेकवून एक कागद ठेवला होता. क्लबच्या कमिटीला त्यावर तिची सही हवी होती. रविवारच्या वर्तनाबद्दल मी दिलगीर आहे, यापुढे काटा येईपर्यंत मासे जाळीतच ठेवीन, एवढाच मजकूर. सही झाली नाही तर येत्या रविवारच्या अंतिम सामन्यात तिला संघात जागा नाही. बारा वर्षांत एव्रिल पॉक्लिंग्टनने एकही अंतिम सामना चुकवला नव्हता. आठ जणांच्या त्या संघात बाई ती एकटीच, आणि कप्तान तिचा नवरा.

ती गळाकडे वळली तीच मुळी डेसच्या हर्नियामुळे. डॉक्टरांनी त्याला ओझं उचलू नको म्हणून सांगितलं, तेव्हा त्याची पेटी, गळाच्या काठ्या आणि अळ्यांचे डबे घेऊन ती कालव्यावर जाऊ लागली. त्याचं सँडविच खाऊन होईपर्यंत काठी तिच्या हातात असायची. दुसऱ्या उन्हाळ्यात असं दिसू लागलं, की डेसचे बरेचसे मासे त्याच्या सँडविचच्या वेळेतच लागतात. डेस ही गोष्ट लोकांना हसत सांगायचा. पुढे ती सामने जिंकू लागल्यावर त्याने सांगायचं सोडून दिलं.

पण त्याआधी तिच्या हाती आली ती जाळी. तीन मीटर लांब पिशवी, आत कड्या, वर गोल तोंड. मासा लागला की गळ काढून यात सोडायचा. सामना संपेपर्यंत तो पाण्यातच, पण पिशवीत. मग तोलायचा आणि परत कालव्यात. खात कुणीच नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी डेसने ओली जाळी तशीच गुंडाळून आठवडाभर गाडीच्या डिकीत ठेवली होती. एव्रिल इस्पितळाच्या धुलाईत कामाला होती. ओलं कापड बांधून ठेवलं की त्याचं काय होतं, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिने ती जाळी चिमट्याने उचलली, साध्या पाण्याने तीनदा धुतली आणि चादरींच्या शेजारी दोरीवर टांगली, आतली बाजू बाहेर करून. शेजारच्या मिसेस थर्लबींनी कुंपणावरून विचारलं, "हे काय, डेसचे पायमोजे का?" तेव्हापासून जाळी कडकडीत वाळल्याशिवाय घरात आली नाही. एका पाण्यातली कीड दुसऱ्या पाण्यात नेते ती ओली जाळीच, असं तिचं म्हणणं होतं. क्लबातले लोक गालात हसत.

पाण्यात जाळी लावायची तिची रीतही ठरलेली. आधी भिजवायची. मग पूर्ण ताणायची, शेवटचं टोक खोल पाण्यात, म्हणजे वारा आला तरी ती आक्रसत नाही. हात ओला केल्याशिवाय माशाला शिवायचं नाही. आणि किती झाले ते बघायला दर तासाला जाळी उचलायची नाही. रॉयस्टन केड, क्लबचा सेक्रेटरी, हमखास उचलायचा. "मोजल्यानं वाढत नाहीत ते," असं ती एकदा त्याला म्हणाली होती, चार माणसांत. ते त्याने विसरलेलं नव्हतं.

पंच्याण्णवचा तो ऑगस्ट. पाच आठवडे थेंब नाही. कालव्याची दारं बंद, पाणी हिरवं, खाली गेलेलं. रविवारी चिठ्ठीत तिला काठावरची बत्तिसावी जागा आली, म्हणजे शेवटची. तीन मोठे ब्रीम मासे आणि बाकी लहान रोच, असे एकोणीस रत्तल तिने अंदाजाने धरले होते. त्या दिवशी एवढं कुणाचंच नव्हतं. दोनला शिट्टी झाली. काटा नेहमीप्रमाणे पहिल्या जागेपासून निघाला, कारण रॉयस्टनची गाडी तिथे उभी असते. दुसरं कारण कुणाला ठाऊक नव्हतं. पावणेतीनला काट्याची माणसं अकराव्या जागेवर बिअर पीत उभी होती.

तिने शेजारच्या जागेवरच्या माणसाबरोबर निरोप पाठवला. रॉयस्टनच्या डिकीत दुसरा काटा आहे, तो या टोकाकडून सुरू करा.

रॉयस्टनचं उत्तर आलं, "एव्रिलला सांग, कुणी मरत नाही."

तिने जाळीच्या तोंडातून आत पाहिलं. मासे वर येऊन तोंडं उघडझाप करत होते. एक ब्रीम आडवा झाला होता. मग तिने जाळीचं तोंड पाण्याखाली दाबलं, मागचं टोक हळूच उचललं आणि मासे आपणहून बाहेर जाईपर्यंत धरून ठेवलं. ओतले नाहीत. आडवा झालेला ब्रीम तिने दोन्ही हातांत सरळ धरला. बऱ्याच वेळाने त्याने शेपूट हलवली.

काटा साडेतीनला आला. रॉयस्टनने वहीत तिच्या नावापुढे शून्य मांडलं आणि म्हणाला, "बायकांचं काळीज, दुसरं काय."

"काळीज पुरुषांनाही असतं," ती म्हणाली. "तुझं बिअरमध्ये पडलंय, शोध जा."

संघ दोन गुणांनी हरला.

"तू त्याला चारचौघांत बोललीस," डेस आता म्हणत होता. "दिलगीर आहे, एवढं लिहायला काय जातं? एक सही. रविवारी खेळायचं आणि विषय संपला."

"आणि रविवारी मासे आडवे झाले तर?"

"एखाददुसरा होतोच."

"एखाददुसरा नाही," विल्फ वर्तमानपत्रामागून म्हणाले. "सतरा."

दोघांनी तिकडे पाहिलं.

"सोमवारी कुत्र्याला घेऊन गेलो होतो. विसाव्या जागेपासून पुढे सतरा पांढरी पोटं. मोजली मी. तुझ्या जागेपाशी पण दोन होते, पोरी. उगीच फुशारू नकोस."

"तुम्ही बोलला नाहीत बाबा," डेस म्हणाला.

"मला कुणी विचारलं नाही. आमच्या वेळी दिवसभर कोंबून ठेवायचो, कुणी रडत नव्हतं. मोजतही नव्हतं म्हणा."

एव्रिलने सुरी खाली ठेवली. दोन. तिच्या जागेपाशीही दोन. म्हणजे तिनेही उशीरच केला होता. हात पुसून तिने लोण्याच्या डब्याजवळचा कागद उचलला आणि पहिल्यांदाच नीट वाचला. रॉयस्टन सगळं मोठ्या तुटक अक्षरांत लिहितो. सूचना फलकावर वर्षानुवर्षं तेच दिसायचं. हे अक्षर तिरकं होतं, गुंतलेलं. घरातल्या किराण्याच्या यादीतलं.

"हे तू लिहिलंस," ती म्हणाली.

डेसने खुर्ची मागे सरकवली, पण उठला नाही. "कमिटीला कडक हवं होतं. मी म्हटलं, मी लिहितो, जरा सौम्य. तुझ्यासाठीच."

"दिलगीर हा शब्द तुझा?"

"त्यांना 'माफी' हवी होती."

विल्फनी पान उलटलं.

"आणि सतरा माशांबद्दल कमिटी काय म्हणते?"

"उष्णता," डेस म्हणाला. "मी जाऊन पाहिलं नव्हतं."

"नव्हतंस. घरापासून दहा मिनिटांवर आहे."

तिने कागदाची घडी घालून त्याच्या बशीखाली सरकवली, बटाट्यांचं पातेलं गॅसवर चढवलं आणि दोघांकडे वळली.

"ऐका दोघंही. मी सही करणार नाही. जेवण सहाला आहे. रविवारी सकाळी साडेसहाला मी गाडीत बसणार. संघात घेतलंत तर संघासाठी, नाहीतर स्वतःच्या नावावर; एकट्यांनाही तिकीट मिळतं. मला काढायचं असेल तर कप्तान म्हणून तू काढ डेस, याच टेबलावर, तोंडावर सांगून. रॉयस्टनकडून निरोप नको. शिट्टीनंतर मी वीस मिनिटं थांबणार. काटा आला तर तोला. नाही आला तर जाळी सोडणार, आत एक रत्तल असो नाहीतर चाळीस."