अकरा निमंत्रक आणि माझी एक ओळ

माझ्या पुतणीच्या लग्नाच्या वेबसाइटवर जे घडलं, त्यात कॉम्प्युटरची काहीही चूक नव्हती. चूक माझी होती. हे इतकं ठासून सांगतोय, कारण चार दिवस मी सगळ्या भावकीला याच्या बरोबर उलट सांगत होतो.

आधी माझा पूर्वेतिहास सांगतो, म्हणजे गुन्हा किती मोठा ते कळेल. मी कोल्हापुरातल्या एका छापखान्यात चोवीस वर्षं कॉम्प्युटरवर मजकूर लावायचं काम केलं. त्यात निम्म्याहून जास्त लग्नपत्रिका. पत्रिकेत गणपती थोडा तिरका आला तर देव समजून घेतो. मुहूर्ताची वेळ चुकली तरी चालते, कारण लग्न त्या वेळेला लागतच नाही. पण निमंत्रकांच्या यादीत चुलत्याचं नाव मेहुण्याच्या खाली गेलं, तर माणसं प्रूफ हातात घेऊन मोटारसायकलवरून थेट छापखान्यात येतात. अशा कितीतरी माणसांना मी चहा पाजून शांत केलंय. नावांचा क्रम म्हणजे काय, हे मला शिकवायची कुणाला गरज नव्हती.

पुढे लोक पत्रिका मोबाइलवरच पाठवू लागले, छापखाना बंद झाला, आणि एकोणपन्नासाव्या वर्षी मी वेब डेव्हलपमेंटच्या क्लासला नाव घातलं. पहिल्या दिवशी मी वर्गात शिरलो तर सगळी पोरं उभी राहिली. त्यांना वाटलं, सर आले. (खरे सर नंतर आले. ते चोवीस वर्षांचे होते. तेव्हा मी उभा राहिलो.)

सहा महिने शिकलो. नोकरीसाठी अर्ज पाठवले. त्यांतल्या बहुतेकांना उत्तरच आलं नाही. शेवटी पुण्याच्या एका लहान कंपनीनं सोमवारी सकाळी अकराला ऑनलाइन मुलाखत ठरवली. अट एकच: खरी माणसं खरोखर वापरतात अशी, तुम्ही बनवलेली एखादी साइट दाखवा. माझ्याकडे तोवर एक कॅल्क्युलेटर होता. तो फक्त मीच वापरायचो, आणि मीसुद्धा उत्तर बरोबर आलंय का ते मोबाइलवर बघून घ्यायचो.

नेमकं त्याच वेळी आण्णाच्या मुलीचं लग्न ठरलं. आण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, शिरोळला ऊस करतो. मी लगेच त्याला गाठलं.

"आण्णा, पत्रिका छापायच्याच कशाला? देवापुढं ठेवण्यापुरत्या छापू. बाकी सगळ्यांना वेबसाइट पाठवू."

"तुला जमतंय न्हवं?"

"सहा महिने काय करतोय मग मी?"

"त्येच तर इचारतोय की."

शेवटी तयार झाला. साइट मी केली. म्हणजे रंग एका व्हिडिओतून घेतले, फुलं दुसऱ्या व्हिडिओतून, उलटी मोजणी करणारं घड्याळ तिसऱ्यातून. सगळं उसनं. मग निमंत्रकांची यादी आली. अकरा नावं. आणि इथं माझ्यातला क्रांतिकारक जागा झाला.

कागदावर कुणीतरी खाली असणारच, त्याला इलाज नाही. पण वेबसाइटवर कुणी कायमचं खाली का असावं? मी कोडमध्ये एक ओळ लिहिली. फक्त एक. पान उघडलं की दर वेळी ती अकरा नावं पत्त्यांसारखी पिसायची आणि नव्या क्रमानं मांडायची. आज जो खाली, तो घटकाभरानं वर. जो प्रश्न आमच्या समाजाला पिढ्यान् पिढ्या सुटला नाही, तो मी एका ओळीत सोडवला होता. छाती भरून आली. साऱ्या साइटमध्ये तेवढी एकच ओळ माझ्या डोक्यातून आलेली होती.

गुरुवारी सकाळी लिंक सगळ्यांना पाठवली. पहिला फोन नेसरीच्या मामांचा. म्हणजे नवरीच्या मामांचा, आण्णाच्या मेहुण्याचा.

"पावणं, बघितलं. झकास केलंय. मी पयलाच हाय की."

"आवडलं ना?"

"आता हात लावू नका त्येला."

अर्ध्या तासानं पुन्हा मामा. "पावणं, आमच्या मंडळींच्या फोनात मी नववा दिसतोय. ही काय भानगड?"

इथं मी आयुष्यातला सगळ्यात स्वस्त मार्ग पकडला. म्हणालो, "मामा, ते कॉम्प्युटर आपोआप करतोय."

"आपोआप?"

"व्हय. आपल्या हातात न्हाय ते."

एकदा खोटं बोललं की ते पायावर उभं राहतं आणि गावभर फिरतं. मामांनी संशोधन केलं. घरात ते नववे, अंगणात सहावे आणि गच्चीवर गेले तेव्हा दुसरे. त्यावरून त्यांनी ठरवलं की हा रेंजचा प्रश्न आहे. गुरुवारभर नवरीचा मामा पाहुण्यांना गच्चीवर नेऊन पान उघडून दाखवत होता. शाहूवाडीच्या आत्याचा शोध वेगळाच. ती म्हणाली, पारोशानं उघडलं की नाव खाली जातं. तेव्हापासून ती अंघोळ करून, देवाला हात जोडून मगच लिंक दाबायची. "आज पाचवी आले रे," असा तिचा रोज सकाळी फोन. मी म्हणायचो, "चांगलंय आत्या."

माझी मुलगी अस्मिता कॉलेजात कॉम्प्युटरच शिकते. तिनं सगळं ऐकलं, माझा कोड उघडला आणि माझ्याकडे बघत राहिली.

"बाबा, ही ओळ तुम्ही घातलीय."

"हळू बोल."

"काढून टाका की मग. पाच सेकंदांचं काम हाय."

"सोमवारी काढतो. मुलाखत झाली की."

"का?"

"अगं, बाकी सगळं उतरवलेलं आहे. ती एकच माझी आहे. त्यांनी विचारलं, यात तुम्ही काय केलंत, तर काय दाखवू?"

स्वयंपाकघरातून माझ्या बायकोचा आवाज आला, "अहो, चोवीस वर्षं लोकांच्या पत्रिका लावल्या ना तुम्ही? का नुसता चहाच पाजत होता?"

तेव्हाच ती ओळ काढली असती तर हा लेख लिहावा लागला नसता. नाही काढली. आणि शुक्रवारी तात्या खाली गेले.

तात्या म्हणजे आमचे शिरोळचे चुलते, वय अठ्ठ्याहत्तर. आमचे वडील लवकर गेले. आण्णाला शेती तात्यांनी शिकवली, मला छापखान्यात तात्यांनी चिकटवलं. आमच्या घरातल्या कुठल्याही लग्नात पहिली अक्षता तात्यांची. गावातल्या दूध संस्थेचे ते पंधरा वर्षं चेअरमन होते. शुक्रवारी सकाळी घरी पान उघडलं तर तात्या पहिले. ते खूश झाले, फेटा बांधला, मोबाइल घेतला आणि सगळं गाव दूध घालायला जमतं त्या वेळेला संस्थेत गेले. तिथं सगळ्यांना गोळा केलं. "बघा, आमच्या बारक्यानं कॉम्प्युटरवर पत्रिका केलीया," असं म्हणून सगळ्यांसमोर पान उघडलं.

तात्या अकरावे.

बरं, अकरावे तर अकरावे. त्यांच्या बरोबर वर त्यांचा साडू होता! तात्या आणि साडू दूध संस्थेच्या निवडणुकीपासून बोलत नाहीत. आणि साडू त्या वेळी तिथंच किटली घेऊन उभा होता.

आण्णाचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज मी फोनशिवायही ऐकला असता.

"काय केलंस रं तू? तात्या म्हणत्यात, लग्नाला येत न्हाय."

"आण्णा, ते कॉम्प्युटर आपोआप..."

"मग सांग की त्येला, तात्या थोरलं हाईत म्हणून!"

"तसं सांगता येत नाही."

"सहा महिनं शिकलास आन् येवढं सांगाया येत न्हाय?"

येत होतं. पाच सेकंदांत येत होतं. शनिवारी आण्णानं दोनदा फोन केला, रविवारी तीनदा. तात्या आले नाहीत तर मी पोरीला बोहल्यावर उभी करणार नाही, म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. प्रत्येक वेळी मी म्हणालो, "बघतो, कंपनीला कळवलंय." (कुठली कंपनी? मीच ती कंपनी.)

सोमवारी अकराला मी शर्ट घालून बसलो. समोर पडद्यावर सांगलीकडचा वाटणारा तिशीतला मुलगा. फार सभ्य. मी माझा पडदा त्याला दाखवला, साइट उघडली. घड्याळ फिरलं, फुलं पडली.

"छान आहे सर. माणसं वापरतात?"

"फार वापरतात. दिवसातून वीस-वीस वेळा उघडतात."

हे एवढंच खरं होतं. तो प्रभावित झाला. म्हणाला, "लग्नाची साइट वीस वेळा? का बरं?"

मी तोंड उघडणार, एवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात भावकीच्या ग्रुपवरचा निरोप उगवला. आण्णाचा. "तात्यांनी फेटा परत ठेवला. येत न्हाईत." त्यावर मामांचा: "गच्चीवरनं बघा म्हणावं." त्यावर आत्याचा: "अंघोळ केलती का त्यांनी?"

मुलानं ते सगळं वाचलं. मग हळूच म्हणाला, "सर, नावांचा क्रम बदलतोय का हा?"

मी ओळ दाखवली. अभिमानानं दाखवायची असं आठ दिवस ठरवलं होतं; दाखवली ती चोरी दाखवावी तशी.

"हे तात्या घरातले सगळ्यात मोठे?"

"हो."

"आणि घरच्यांना काय सांगितलंत?"

"कॉम्प्युटर आपोआप करतोय."

त्यानं चष्मा काढला, डोळे पुसले. हसत होता की काय, पडदा अडकल्यामुळे कळलं नाही. मग म्हणाला, "काका," (आतापर्यंत सर होतो) "आमच्याकडं असं झालं असतं तर मला घरात घेतलं नसतं. ओळ काढा, आधी तात्यांकडं जा. लिंक मागनं पाठवा."

अस्मितानं माझ्यासमोर ओळ काढली. खरंच पाच सेकंद लागले. आण्णाच्या मूळ यादीप्रमाणं तात्या कायमचे वर गेले. मी मोटारसायकल काढून शिरोळला निघालो.

तात्या घराच्या पुढच्या सोप्यात बसले होते. मला बघून त्यांनी माझ्या मागं कुणी आहे का ते बघितलं.

"कॉम्प्युटर न्हाय आला व्हय संगट? चूक त्येची, मग माफी मागाया तू का आलास?"

मी खाली बसलो. वाटभर घोकत आणलेलं सगळं विसरलो. म्हणालो, "तात्या, कॉम्प्युटरनं काय केलं न्हाय. मीच केलं. आणि तुम्ही खाली गेलाय हे कळल्यावर बी काढलं न्हाय. नोकरीसाठी ठेवलं."

तात्यांनी विचारलं, "घावली का नोकरी?"

"न्हाय."

"मग दोन्हीकडनं गेलास की लेका."

"व्हय."

"मला वर बसायची हौस न्हाय. मी तिथं समद्यांस्नी सांगिटलंतं, आमच्या बारक्यानं केलंय म्हणून. तुझं काम बिघडल्यालं दिसलं, त्येचं वाईट वाटलं." मग ते म्हणाले, "आन् खाली गेल्याचं बी वाटलं. साडू किटली घिऊन हसत हुता."

"तात्या, चुकलं माझं."

"बाकीच्या धा जणांकडं जाऊन आलास?"

"न्हाय. पयल्यांदा तुमच्याकडंच आलोय."

तात्या सरळ बसले. "पयल्यांदा माझ्याकडं?"

"व्हय."

"साडूकडं न्हाय गेलास?"

"न्हाय की."

त्यांनी आत हाक दिली, "अगं, च्या ठेव. आन् फेटा काढ त्यो बाहीर."

पुढच्या रविवारी लग्नात पहिली अक्षता तात्यांचीच पडली. आण्णानं मला मांडवात मिठी मारली आणि कानात शिवीही दिली. पुण्याच्या मुलाला मी दुरुस्त केलेली लिंक पाठवली. त्यानं तीन महिन्यांच्या शिकाऊ कामावर घेतलं. म्हणाला, "ओळ लिहिणारे पुष्कळ येतात काका, काढून टाकली म्हणून सांगणारं कुणी येत नाही." (काढली अस्मितानं, हे त्याला अजून सांगायचं आहे.)

पण मन मोकळं करायला बसलोय तर पुढचंही सांगून टाकतो. शिरोळहून परतल्यावर मंगळवारी आणि बुधवारी मी उरलेल्या दहा जणांच्या घरी गेलो. नेसरीला गेलो, शाहूवाडीला गेलो, किटलीवाल्या साडूकडेही गेलो. प्रत्येकाची हात जोडून माफी मागितली. आणि प्रत्येक घरी, चहा यायच्या आत, सांगितलं, "पयल्यांदा तुमच्याकडंच आलोय." दहाच्या दहा माणसं सरळ बसली. माझ्या एका ओळीनं जे साधलं नाही, ते या एका वाक्यानं साधलं. सगळे एकाच वेळी पहिले आले.

अर्थात त्या दहाही घरी ते खोटं होतं. म्हणून त्या दहा जणांची मी इथं जाहीर माफी मागतो. नावं मात्र लिहीत नाही. लिहायची तर क्रम लावावा लागेल.