नॉरिस बकलीचे दहा रविवार

नॉरिस बकलीसारखा मालक देव वैऱ्यालाही न देवो. पगार वेळेवर देतो, आवाज चढवत नाही, नाताळात बिस्किटांचा डबाही देतो. पण दगडाला पाझर फुटेल, या माणसाच्या तोंडून ‘मला मदत लागते’ हे तीन शब्द फुटायचे नाहीत.

आम्ही एका शाळेतले. तो माझ्यापुढे दोन इयत्ता. पुढे तीस वर्षं त्याने आमच्या डोंगरावरून हडर्सफील्डची बस चालवली आणि गावच्या बँडमध्ये सगळ्यात मोठं पितळी वाद्य फुंकलं. मग त्या मेल्या दुखण्याने आधी पाय नेले, मग उजवा हात. बायको त्याआधीच गेलेली. कौन्सिलने, म्हणजे आमच्या नगरपालिकेने विचारलं, देखभालीला आम्ही एजन्सीची माणसं पाठवू, की त्याचे पैसे तुमच्या हातात देऊ आणि माणूस तुम्ही ठेवाल? हा म्हणाला, पैसे द्या. रोज नवा चेहरा येऊन आपली पँट चढवणार, हे त्याला नको होतं. मी तेव्हा शाळेच्या स्वयंपाकघरातून नुकतीच मोकळी झाले होते. त्याने मला रीतसर मुलाखतीला बोलावलं, तेही शेजारच्याच घरातून!

आठवड्याला एकवीस तास. सकाळी दोन, संध्याकाळी एक. माझ्या तासांच्या कागदावर तो डाव्या हाताने सही करायचा. त्याला पाच मिनिटं लागायची, पण मी पेन धरायला गेले की म्हणायचा, मालक कोण आहे इथे?

फेब्रुवारीत मालकांनी फर्मान काढलं, की रविवारी तू येऊ नकोस, बहीण एडना येणार आहे. मला बरंच वाटलं. नवरा खूश झाला. एडना तशी मला कधी दिसली नाही, पण रविवारी आम्ही सकाळपासून लेकीकडे असायचो.

मे महिन्यात कौन्सिलचं पत्र आलं. दहा रविवारांचे पैसे न वापरता पडून आहेत, म्हणजे तुम्हाला रविवारची गरज दिसत नाही. तेव्हा पडून असलेले पैसे परत घेऊ आणि यापुढे तास अठरा. मी कपाळावर हात मारला. विचारलं, पैसे पडून कसे? एडनाला देत नव्हतास? तर म्हणे, बहिणीला कोण पैसे देतं. साठवत होतो.

“कशाला?”

“व्हिट शुक्रवारला.”

ईस्टरनंतर दीड-दोन महिन्यांनी येणाऱ्या त्या दिवशी आमच्याकडे गावोगावचे बँड येतात. सकाळपासून रात्री अकरापर्यंत एका गावातून दुसऱ्या गावात वाजवत फिरतात. नॉरिसला पूर्ण दिवस त्यांच्यामागून जायचं होतं. आमच्या चढणीवर ती खुर्ची ढकलायची तर माणसं दोन हवीत, तासही तीस हवेत. म्हणून हा दहा रविवार तीन-तीन तास बाजूला टाकत होता. आणि एप्रिलमध्ये कौन्सिलचा चौकशीचा फोन आला, तेव्हा स्वारी काय म्हणाली? ‘बरं चाललंय, रविवारी बहीण येते, तक्रार काही नाही.’ अति शहाणा त्याचा बैल रिकामा! आमच्या इकडची ही जातच अशी. घराला आग लागली तरी बंबवाल्यांना म्हणतील, तुमच्या सवडीने या.

मी त्याला झाप झाप झापलं आणि स्वतःच कौन्सिलला फोन लावला. आठवड्याने फरीदा नावाची पोरगी आली. तर हा टाय बांधून बसलेला! माझ्याकडूनच बांधून घेतला होता, आणि चांगला कप काढायला लावला होता. मी त्याला बजावलं, आज मूग गिळून बसलास तर याद राख. तास गेले तर अठरा तासांत मी तुझं सगळं करू शकणार नाही. मग एखाद्या वृद्धाश्रमात बस टाय बांधून.

फरीदाने कागद उघडले. आवाज मऊ होता, पण प्रश्न सरळ होता. रविवारी बहीण येते, सगळं नीट होतं. मग रविवारचे तास कशाला?

मी तोंड उघडणार, तेवढ्यात नॉरिस बोलला.

“एडना येत नाही. जानेवारीत तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तिला जिनाच उतरता येत नाही.”

“मग रविवारी कोण येतं?”

“कोणी नाही.”

“मग तुम्ही उठता कसे?”

त्याने खिडकीबाहेर पाहिलं. “उठत नाही. शनिवारी रात्री ही मला झोपवते, ती सोमवारी सकाळी उठवते. मधे तसाच पडून असतो. ओला.”

शनिवारी उशाशी सँडविच आणि चहाचा थर्मास मीच ठेवून जायची. एडनालाही म्हणून दोन सँडविच जास्त. सोमवारी चादर ओली असायची. तो म्हणायचा चहा सांडला, आणि मी त्याच्यावर करवादायची, की बहीणभावांना एक कप धड धरता येत नाही. दहा सोमवार मी ती चादर धुतली. मला वास कळत नव्हता का? कळत होता. पण रविवार मलाही हवा होता.

फरीदा बराच वेळ लिहीत होती. तास एकवीसच राहतील असं मी लिहून देते, म्हणाली. आणि त्या शुक्रवारचं म्हणाल तर आधी सांगितलं असतंत तरी चाललं असतं. बाहेर पडणं, माणसांत जाणं यासाठीच तर हे पैसे आहेत. ते तीस तास तुमच्या आराखड्यात घालू. नुसतं विचारायचं होतं हो. दहा रविवार, आणि नुसतं विचारायचं होतं! मला त्याच्या टायला धरून गदागदा हलवावंसं वाटलं.

ती गेल्यावर मी कप विसळायला घेतले. त्याच्याकडे बघायची माझी हिंमत होत नव्हती. पाठमोरीच विचारलं, रविवारी किती वाजता येऊ?

“आठला, नेहमीसारखी.”

मी नळ बंद केला.

“ग्लेनिस,” तो म्हणाला, “सातला येशील का?”